कोयंड्यातलं कुलूप

संध्याकाळी शाळेचं कुलूप दाबून बंद केलं की बदरबाई पर्समधून रुमाल काढायच्या आणि उजव्या हाताची दोन बोटं पुसायच्या. कुलपाला तेल असायचं. मुलांची खिचडी शिजवणाऱ्या सोनामावशी दर सोमवारी फोडणीच्या तेलातलं थोडं बोटावर घेऊन कुलपाला वरून खालून चोळायच्या.

"मावशी, हे कुलूप आहे, भजं नव्हे," बदरबाई म्हणायच्या.

"गंजलं म्हंजे मलाच बोलाल," मावशी म्हणायच्या, आणि कुलूप एकदा खाली ओढून बघायच्या. मग दोघी आपापल्या वाटेने जायच्या. मावशींची वाट रस्ता ओलांडून समोरच्या घरापर्यंत, बाईंची मिनीडोर रिक्षाने चौक गावापर्यंत.

बदरुन्निसा मुकादम हे त्यांचं पूर्ण नाव. पहिलीच्या मुलांना ते झेपेना म्हणून कुणीतरी पहिल्याच वर्षी बदरबाई केलं, ते कायमचं. कर्जतच्या आमच्या मराठी शाळेत त्या आल्या तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. मी निवृत्त झाल्यावर शाळा त्यांच्याकडे गेली. मी दहिवलीत राहतो, मंगळवारी आणि शुक्रवारी अजूनही चौथीचं गणित घ्यायला जातो, म्हणून पुढचं बरंचसं माझ्यासमोर घडलेलं आहे. उरलेलं त्यांनीच सांगितलेलं.

बाई उंचीने कमी, आवाजाने त्याहून कमी. त्या रागावल्या हे मुलांना आवाजावरून कळत नसे. त्या रागावल्या की फळा पुसायला घेत. स्वच्छ फळासुद्धा पुन्हा पुसत, डावीकडून उजवीकडे, सावकाश. तेवढ्यात वर्ग आपोआप शांत होई. दुपारी मुलं जेवायला बसली की त्या पंगतीतून एक फेरी मारत. कोण सकाळी उपाशी आलंय हे त्यांना घास घेण्यावरून ओळखता येई. मग त्या मावशींकडे नुसतं बघत, आणि मावशी त्या ताटात दुसरी पळी वाढत. या दोघींमध्ये फार बोलणं कधी नव्हतं. लागतच नव्हतं.

शाळा चौक रस्त्याच्या कडेला आहे. मी लागलो तेव्हा तिच्या तिन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. आता तिन्ही बाजूंना सात सात मजली इमारती आहेत आणि त्यांच्या बाल्कनीतून शाळेचं अंगण दिसतं. त्या इमारतींतली मुलं मात्र आमच्याकडे येत नाहीत. आमच्याकडे येतात ती त्या इमारतींच्या वॉचमनची, लादी बसवणाऱ्यांची, टेंपो चालवणाऱ्यांची आणि अजून थोडी आजूबाजूच्या जुन्या घरांची. दिवसभर माणसांचा राबता. पत्ता विचारणारे, पाणी मागणारे, भंगार आहे का म्हणणारे. पूर्वी अनोळखी माणूस आवारात आला की चार घरांतून चार माणसं बाहेर यायची. आता अनोळखी कोण हेच ठरवता येत नाही.

चोऱ्या सुरू झाल्या त्या इमारती उभ्या राहिल्यानंतर.

पहिल्यांदा पितळी नळ गेले. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तर टाकी रिकामी आणि अंगणात चिखल. बाईंनी माठ आणले, लांब दांड्याचं ओगराळं आणलं आणि मुलांना ओळीत उभं राहून पाणी घ्यायला शिकवलं. दुसऱ्यांदा पंखे गेले, तिन्ही खोल्यांतले, वायरींसकट. तिसऱ्यांदा खिचडीची मोठी पातेली, गॅसचं सिलेंडर आणि ऑफिसातला कॉम्प्युटर. प्रत्येक वेळी पंचनामा झाला, प्रत्येक वेळी ठाण्यातला हवालदार हिरामण आला. भला माणूस. आपल्या नातीच्या वयाच्या मुलांना बाजूला करत तो मोजमापं घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "शाळा फोडणाऱ्याचं तोंड बघायचंय मला एकदा." ते तोंड त्याला कधी बघायला मिळालं नाही.

बाईंना वस्तू जाण्याचं दुःख होतंच, पण त्यांना खरा त्रास व्हायचा तो दुसऱ्या दिवसाचा. "मुलं मला विचारतात, सर, की बाई, त्यांना माहीत नव्हतं का ही शाळा आहे?" त्या मला एकदा म्हणाल्या. "मी काय सांगू? त्यांना माहीत होतं म्हणूनच ते आले, असं सांगू?" एवढं बोलून त्या फळा पुसायला उठल्या होत्या. वर्गात तेव्हा एकही मूल नव्हतं.

तिसऱ्या चोरीनंतर पालकांनी आणि काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून पूर्ण व्हरांड्याला लोखंडी जाळी बसवली. जाळीला एक दार, दाराला कडी-कोयंडा, कोयंड्याला एक भक्कम कुलूप. आत खोल्यांना नुसत्या कड्या. कुलूप दाबलं की बसणारं होतं, बंद करायला चावी लागत नसे. चाव्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी सोनामावशींच्या घरी, दाराच्या आतल्या बाजूला देवाच्या फोटोखाली जो खिळा आहे त्याच्यावर. शाळेची चावी त्या खिळ्यावर एकोणीस वर्षं होती. कुलपं बदलली, चाव्या बदलल्या, खिळा तोच. सकाळी नऊला मावशी ती चावी पदराला बांधून यायच्या, दार उघडायच्या, झाडलोट करायच्या, चुलीवर आधण ठेवायच्या. उघडलेलं कुलूप त्या तसंच कोयंड्यात लटकवून ठेवत. दिवसभर ते तिथंच उघडं लटकत असे आणि संध्याकाळी बाई दार ओढून ते दाबत. ही पद्धत माझ्या वेळेपासूनची. कुलूप हरवू नये म्हणून मीच ती घालून दिली होती.

जाळी बसल्यावर वर्षभर काही गेलं नाही. त्या धीराने, रसायनीला कारखान्यात लागलेल्या आमच्या काही जुन्या मुलांनी वर्गणी काढून शाळेला एक मोठा टीव्ही दिला. बाईंनी त्यावर मुलांना पहिल्यांदा काय दाखवलं, तर समुद्रातला देवमासा. तो श्वास घ्यायला वर येतो आणि पाण्याचा फवारा उडतो, ते बघून दुसरीतली लायबा नावाची मुलगी इतकी गप्प झाली की सुट्टीची घंटा झाली तरी उठेना. बाईंनी टीव्हीला जुन्या दुपट्ट्याचं झाकण शिवलं होतं. रोज संध्याकाळी त्या ते घालत आणि सकाळी काढत.

गेल्या वर्षी जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी सोनामावशींनी जाळीचं दार उघडलं तर ते झाकण व्हरांड्यात पडलं होतं.

टीव्ही गेला होता. स्पीकर गेला होता. परिपाठाची जुनी पेटी, जिच्या तीन पट्ट्या वाजतच नव्हत्या, तीही गेली होती. मुलांनी मातीचे केलेले बैल आणि चुली खिडकीखाली वाळत ठेवल्या होत्या, त्यांचा पायाखाली चुरा झाला होता. आणि जाळी कुठेही वाकलेली नव्हती. कुलूप फुटलेलं नव्हतं. मावशींनी रोजच्यासारखी चावी लावली होती आणि ते रोजच्यासारखं उघडलं होतं.

बाईंचा फोन आल्यावर मी पोचलो तेव्हा हिरामण हवालदार कुलूप हातात घेऊन बघत होता. मुलं अंगणात उभी होती, काही पालकही होते. शाळेच्या समितीचे अध्यक्ष राजेश, ज्यांचं नाक्यावर प्लायवूडचं दुकान आहे, तेही आले होते. हिरामणने साधा प्रश्न विचारला. चाव्या किती आणि कोणाकडे?

बाई खाली बसून मातीच्या बैलाचे तुकडे गोळा करत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "चाव्या दोनच. माझी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स रात्रभर चौकला घरी होती. दुसरी मावशींकडे."

मावशी झाडू घेऊन दाराशीच उभ्या होत्या.

हिरामणने ते लिहून घेतलं. मग बाई उठल्या, हात झटकले आणि मावशींपुढे तळवा धरला. "चावी द्या मावशी. आजपासून माझ्याकडे राहील."

मावशींनी पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसलेली होती, सुटायला वेळ लागला. सगळे बघत होते. चावी बाईंच्या हातावर ठेवून त्या चुलीकडे गेल्या आणि त्या दिवशीची खिचडी त्यांनी शिजवली. वाढली मात्र नाही. पातेलं उतरवून, झाकून, त्या घरी गेल्या.

संध्याकाळी त्यांना आणि त्यांचे यजमान पोपट यांना ठाण्यात बोलावलं. विचारपूस झाली, कुणी वाईट बोललं नाही, चहासुद्धा दिला म्हणतात. पण ठाण्याच्या बाकावर बसलेली सोनामावशी भाजी घ्यायला आलेल्या निम्म्या कर्जतने पाहिली. शुक्रवारी मी गणित घ्यायला गेलो तर मावशी आल्या नव्हत्या. बाई स्वतः तांदूळ धूत होत्या. राजेशनी सांगून ठेवलं होतं की सोमवारी अकरा वाजता समितीची सभा आहे आणि खिचडीला दुसरी बाई बघावी असं बऱ्याच पालकांचं म्हणणं आहे. राजेश वाईट माणूस नव्हे. लोक त्यांना विचारत होते, त्यांना उत्तर हवं होतं, आणि उत्तर समोरच राहत होतं.

मी बाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

त्यांनी तांदळाचं पाणी ओतलं. "मी खोटं काही बोलले नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण ते मी कुठल्या आवाजात बोलले ते मला माहीत आहे. मुलांनीही ऐकलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत त्यांनी मूठभर तांदूळ घरी नेला नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग माझा हात पुढे कसा झाला?"

त्या दिवशी मुलांनी खिचडी खाल्ली, पण मावशी कुठंयत हे दर दोन ताटांमागे कुणीतरी विचारत होतं. बाई पंगतीतून फिरल्या, आणि ज्याला दुसरी पळी हवी होती त्याच्यापाशी थांबून त्यांनी सवयीने चुलीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

रविवारी जे घडलं ते चौकला. बाईंचे यजमान अब्बासभाई यांचं जुन्या हायवेवर गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं गॅरेज आहे. कमी बोलणारा, हात सतत कामात असलेला माणूस. त्या घरात कोकणी बोलतात, म्हणून मी इथं फक्त मतलब सांगतो. दुपारी बाई त्यांचा डबा घेऊन गेल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी सगळं नीट सांगितलं. अब्बासभाईंनी वायर सोलता सोलता विचारलं, दिवसा कुलूप कुठं असतं? बाई म्हणाल्या, कोयंड्यातच. उघडं? उघडंच, शाळा चालू असताना बंद कशाला करायचं?

अब्बासभाईंनी वायर खाली ठेवली. गॅरेजच्या शटरशी जाऊन त्यांनी आपलं कुलूप दाखवलं. शटर वर होतं, पण कुलूप बाजूच्या कडीत दाबून बंद केलेलं होतं. चौकमधली बहुतेक दुकानं असंच करतात, ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या टायरवाल्याचं उघडं कुलूप दिवसा कुणीतरी बदललं होतं. तसंच दिसणारं दुसरं लटकवलं. संध्याकाळी मालकाने तेच दाबलं आणि घरी गेला. मग चोर आपल्या चावीने उघडणार, माल नेणार, आणि जाताना मालकाचं खरं कुलूप पुन्हा लावून ठेवणार. सकाळी मालकाची चावी बरोबर लागते आणि मग तो आपल्याच माणसांकडे बघायला लागतो.

बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी आपला उजवा हात उलटा केला आणि बोटांकडे पाहिलं.

त्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी रुमाल काढला नव्हता. काढायची गरजच पडली नव्हती. वरच्या ऑफिसला कसलीशी माहिती तातडीने हवी होती, त्या फोन कानाला लावून आकडे सांगत होत्या, आणि तशाच एका हाताने दार ओढून त्यांनी कुलूप दाबलं होतं. मावशींनी नेहमीप्रमाणे ते खाली ओढून पाहिलं होतं. आणि म्हणाल्या होत्या, "बाई, कोरडं लागतंय गं हाताला आज." त्या घाईत असल्या की कधीकधी गं म्हणत. बाईंनी फोनवरचा हात न काढता उत्तर दिलं होतं, "उद्या लावा तेल." सोमवारी लावलेलं तेल बुधवारी कोरडं कसं होईल, हे मावशींना कळलं होतं, म्हणूनच त्या बोलल्या होत्या. बाई आकडे सांगत मिनीडोरकडे गेल्या.

बाईंनी मला दुपारी तीनला फोन केला. हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "सर, त्यांनी मला चोरीच्या आधी, त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांचंच नाव मी दिलं." कुलूप कोयंड्यात लटकवायला मीच शिकवलं होतं हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. पण कान माझेच होते."

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही ठाण्यात गेलो. बाईंनी घरून दोन पानं लिहून आणली होती, वर्गात काढतात तशा सुवाच्य अक्षरात. हिरामणने ती उभ्यानेच वाचली. मग आम्हाला बसायला सांगून तो स्वतः बसला.

"बाई, हे असंच झालं असेल," तो म्हणाला. "पण कुलूप बदललं ह्याला पुरावा काय, तर एका बाईच्या हाताला तेल लागलं नाही. ह्याच्यावर चोर सापडत नाय. उलट हे कागदावर आलं तर हलगर्जी तुमची ठरेल. वरनं खुलासा मागतील. किती राहिली नोकरी?"

"सव्वा वर्ष."

"मग कशाला? मी सोनाबाईला तसंही पुन्हा बोलवणार नव्हतो."

बाई म्हणाल्या, "तुमच्या कागदावर त्यांचं नाव मी सांगितल्यामुळे आलं. त्याच्या खाली हे राहू दे."

हिरामणने कागदावर शिक्का मारला. प्रत परत देताना त्याने ती दोन्ही हातांनी दिली, एवढं मला दिसलं.

तिथून त्या शाळेत आल्या. परिपाठाची वेळ होती, सभेसाठी पालक लवकर जमले होते. बाईंनी प्रार्थना झाल्यावर मुलांना बसवलं नाही. व्हरांड्यात, जिथं त्यांनी मावशींपुढे हात धरला होता बरोबर तिथं उभ्या राहून त्यांनी सांगितलं की चोराने कुलूप कसं बदललं असावं, मावशींच्या ते आदल्या संध्याकाळीच कसं लक्षात आलं होतं, आणि आपण कसं ऐकलं नाही. आवाज नेहमीसारखाच लहान होता, त्यामुळे मागचे पालक पुढे सरकले. शेवटी त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुमच्यासमोर मी मावशींकडून चावी घेतली. ती चूक माझी होती. हे मी तुमच्यासमोरच सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं."

राजेशनी समितीच्या लोकांना सांगितलं की आज दुसरा विषय घेऊ. खिचडीच्या बाईचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही नाही.

पण मावशी आल्या नव्हत्या.

मधल्या सुट्टीत बाई रस्ता ओलांडून गेल्या, मला बरोबर घेऊन. घराच्या ओटीवर मावशी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. पोपट दारात बिडी ओढत होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"चावी घिऊन आलाव काय बाई?" ते म्हणाले. "आणा, आणा. खिला मोकलाच हाय आमचा. पोलिसांनी खिला नाय नेला." मग मावशींकडे तोंड करून, "चा ठेव गं, तू ठाण्यात पिलंस त्याच्याहून बरा कर."

मावशींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पोपट बिडी विझवून मागच्या दाराने गोठ्याकडे गेले.

दारातून आतला खिळा दिसत होता. त्यावर खरंच काही नव्हतं. एकोणीस वर्षं चावी घासून भिंतीच्या रंगावर एक काळपट कोयरी उमटली होती, तेवढीच.

बाई ओटीच्या पायरीवर बसल्या. मी उभाच राहिलो. बाईंनी समोरच्या परातीतले चार वाल घेतले आणि सोलायला लागल्या. बराच वेळ दोघी सोलत होत्या.

"मी सांगितलं व्हतं तुमाला," मावशी म्हणाल्या.

"हो."

"कोरडं लागतंय म्हनलं."

"हो मावशी. मी ऐकलं नाही."

"नाय ऐकलंव." त्यांनी एक साल बाजूला टाकली. "माझा नातू उभा व्हता तितं पोरांच्यात. त्यानं इचारलं मला, आजी, तू दिलीस का चावी चोराला?"

बाईंनी हातातला वाल परातीत ठेवला. त्यांनी माफी मागितली, ती मी इथं लिहीत नाही. ती त्या दोघींची आहे. पर्समधून चावी काढून त्यांनी परातीच्या काठावर ठेवली. मावशींनी तिला हात लावला नाही. मधली सुट्टी संपल्याची घंटा रस्त्यापलीकडून ऐकू आली तेव्हा बाईंनी चावी उचलली आणि आम्ही परत आलो. वर्गात जाऊन त्यांनी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणून मी होतो. सकाळची पहिली मिनीडोर पकडून बाई नऊच्या आधीच आल्या होत्या, कारण आता दार उघडायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चावी लावली, कुलूप काढलं आणि सवयीने ते पुन्हा कोयंड्याकडे नेलं. तेवढ्यात मागून हात पुढे आला. सोनामावशी होत्या. पदर खोचलेला, हातात झाडू.

"ते द्या हिकडं," त्या म्हणाल्या.

बाईंनी लगबगीने पर्स उघडली आणि चावी पुढे केली.

"चावी राव द्या तुमच्याकडं. मला नको आता ती." मावशींनी बाईंच्या दुसऱ्या हातातलं कुलूप काढून घेतलं. "कुलूप मी बघीन."

त्यांनी ते पदरात गुंडाळून चुलीपाशी नेलं आणि तेलाच्या डब्याशेजारी ठेवलं. खिचडी शिजेपर्यंत ते तिथंच होतं. संध्याकाळी पाचला मावशी ते घेऊन दाराशी आल्या, त्यांनी ते कोयंड्यात अडकवलं, बाईंनी दाबलं, मावशींनी खाली ओढून पाहिलं. बाईंनी रुमाल काढून बोटं पुसली.

त्यानंतर रोज तसंच होत राहिलं. वरून खुलासा मागवला गेला, तो बाईंनी दिला. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात एक ताकीद लिहिली गेली, तीस वर्षांतली एकमेव. टीव्ही परत मिळाला नाही, चोरही नाही. हिरामणची बदली झाली. लायबा अधूनमधून देवमाशाबद्दल विचारत असे, तेव्हा बाई फळ्यावर खडूने देवमासा काढत, पूर्ण फळाभर, आणि फवाऱ्यासाठी ओल्या बोटाने खडू फिसकटत. चावी मात्र त्यांनी सव्वा वर्ष स्वतः आणली. ताप असताना आणली, मिनीडोरचा संप होता तेव्हा अब्बासभाईंच्या स्कूटरवरून आणली. दर दोन-तीन महिन्यांनी त्या मावशींना विचारत. मावशी मान हलवत. रागाने नव्हे. जेवायला घेता का म्हटल्यावर, पोट भरलेलं माणूस मान हलवतं तशी.

या मे महिन्यात बदरबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मुलांनी गाणी म्हटली, बिनपेटीची. नव्या मुख्याध्यापिका ललिताबाई शेलूहून आलेल्या, तरुण, उत्साही. कार्यक्रमानंतर बदरबाईंनी शेवटचं एकदा चावी मावशींपुढे धरली. मावशींनी ती या वेळी हातात घेतली, अंगठ्याने पुसली आणि ललिताबाईंच्या हातात दिली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी गेलो होतो. ललिताबाईंनी दार उघडलं आणि कुलूप कोयंड्यात लटकवलं. कुणीही तेच करेल. मुलांना ओळीत उभं करायला त्या वळल्या. सोनामावशी चुलीपासून उठल्या, अंगणातून चालत आल्या, कोयंड्यातलं कुलूप त्यांनी काढून घेतलं आणि त्या तेलाच्या डब्याकडे गेल्या.

त्यांच्या घरी त्या खिळ्यावर आता रेशनची पिशवी असते.